आबांचं चुंबक आणि लाकडी मुठी

लग्नात रुखवत बघायला सगळेच जातात. आमचे सुभेदार आबा खिशात चुंबक घेऊन जातात. आष्ट्याला माझ्या चुलत बहिणीच्या लग्नात त्यांनी मांडलेल्या प्रत्येक पातेल्याला ते लावून पाहिलं. चार पातेली चिकटली. "ह्ये हलकं स्टील हाय, लवकर डागणार," असं त्यांनी भर मांडवात जाहीर केलं. ती पातेली देणारी मावशी अजून माझ्याशी बोलत नाही, कारण आबांना घेऊन गेले होते मी.

आबा उंब्रजमधले माझे शेजारी. फौजेतली सगळी नोकरी स्टोअर सांभाळण्यात गेली आणि माल तपासल्याशिवाय आत घ्यायचा नाही, ही सवय पेन्शनबरोबर घरी आली. नवी बादली असो की चप्पल, ते वाकवणार, ठोकणार, पाण्यात बुडवणार. कुणी हटकलं की उत्तर ठरलेलं, "वस्तूलाच इचारायचं. दुकानदाराला कशाला?" एकदा माझ्या नव्या रेनकोटावर त्यांनी तांब्याभर पाणी ओतलं. मी तो घातलेला होता. पाणी आत आलं, हेही खरं.

मी इथल्या शाळेत पाचवीला विज्ञान शिकवते. पदार्थांच्या गुणधर्मांचा धडा आला तेव्हा शेजारचं वेड वाया का घालवावं, म्हणून आबांना वर्गात बोलावलं. ते कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले. गरम पाण्यात त्यांनी तीन चमचे उभे केले, एक स्टीलचा, एक प्लॅस्टिकचा, एक लाकडी. तिन्हींच्या वरच्या टोकाला लोण्याने एकेक फुटाणा चिकटवला. थोड्या वेळाने स्टीलवरचा फुटाणा घसरून टपकन पडला.

"म्हंजी ऊब कुठनं वर आली?"

"स्टीलमधनं," अख्खा वर्ग ओरडला.

"आन ह्यो बघा, लाकडावरचा हललाबी न्हाई. लाकूड ऊब अडवून धरतं. ध्यानात ठेवा, लय कामाचं हाय," आबा म्हणाले आणि एकदम खाली बघून चमचे पुसायला लागले. मला वाटलं, दमले असतील.

संध्याकाळी उरलेलं लोणी द्यायला त्यांच्या घरी गेले. त्यांच्या बायको, आमच्या काकी, चहा टाकत होत्या. पातेल्याला लाकडी मूठ, गाळणीला लाकडी मूठ, कपांच्या कानांना घट्ट गुंडाळलेली सुतळी. मी बघतच राहिले.

"शुगरमुळं हाताला चटका कळंना झालाय, बाई," काकी म्हणाल्या. "दोनदा भाजलं, मला पत्ता न्हाई. लेक म्हनली, आता गॅसजवळ जायचं न्हाई. आठ दिस नुसती बसून हुते. जेवान ग्वाड लागंना. मग ह्यांनी ह्यो उद्योग मांडला."

"बसवून ठेवलं तर मानूस खचतं," आबा खिडकीकडे बघत म्हणाले. "आन मला तिच्याच हातचा च्या लागतो."

या माणसाकडे मी इतके दिवस गंमत म्हणून पाहत होते.

काकींनी चहा गाळला. त्यांनी कप उचलायच्या आधी आबांनी प्रत्येक कानाला आपली बोटं लावली, क्षणभर थांबले आणि म्हणाले, "हां, आता धर."

चहात आलं इतकं झालं होतं की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आबांनी तो काहीही न तपासता संपवला आणि दुसरा कप मागितला.