तांब्याभर पाण्याचं तिकीट

आमच्या जोमाकाकांना पाणी द्यायचं म्हणजे परीक्षेला बसल्यासारखं वाटायचं. एरवी घरी आलेला माणूस पाण्याचा तांब्या घेतो, घटाघट पितो, बरं वाटलं म्हणतो. जोमाकाका पहिला घोट नुसता तोंडात धरायचे. ह्या गालातून त्या गालात फिरवायचे, डोळे मिटायचे आणि मग आढ्याकडे बघत निकाल सांगायचे, "तुमच्या पोटाला चालंल. बॉयलरला नाय चालाचं."

मी लग्न होऊन शिरवण्याला आले, त्याच्या चौथ्याच दिवशी हा निकाल मला मिळाला. माझं माहेर उलव्याचं. होडीतून उतरून आलेली नवी नवरी मी, मला काय ठाऊक बॉयलर कोण ते! मला वाटलं, ह्यांच्या घरी कुणीतरी म्हातारं माणूस पथ्यावर असेल. मी आपली काळजीनं विचारते, "फार दिवस झाले का आजारी पडून?" आमच्या सासूबाई, त्यांना मी आयच म्हणायची, पदर तोंडात कोंबून आत पळाल्या. जोमाकाका मात्र हसले नाहीत. म्हणाले, "पाच वर्सं झाली, सुनबाय. पन मी बरा करनार हाय त्याला."

हे सगळं पन्नाससाठच्या दरम्यानचं. नवी मुंबई हे नावसुद्धा तेव्हा कुणाच्या कानावर नव्हतं. गावाच्या एका अंगाला खाडी आणि मिठागरं, दुसऱ्या अंगाला डोंगर. डोंगराच्या पायथ्याशी दगडाची खाण होती. खाणीतला दगड बंदरावर न्यायला एवढेएवढेसे रूळ टाकले होते आणि त्यांवरून एक बुटकं काळं इंजिन डबे ओढायचं. जोमाकाका त्या इंजिनाचे डायवर. पुढे दगड संपला, खाण बंद झाली, माणसं पांगली. इंजिन बंदराजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये गंजत पडलं आणि जोमाकाका त्याचे राखणदार म्हणून राहिले. नात्यानं ते आमच्या सासऱ्यांचे चुलतभाऊ. घरात एकटेच. त्यांची बायको हौसाकाकी मी यायच्या आधीच गेली होती.

एकटा माणूस रिकामा बसला की भजनाला लागतो नाहीतर पत्त्यांना. जोमाकाका इंजिनाला लागले. सगळा सांगाडा खोलला. एकेक स्क्रू घासलेटात बुडवला. पितळेची शिटी घासायला माझी वर्षाची चिंच नेली. मी कुरकुरले तर म्हणाले, "तुमची आमटी एक दिस बिनचिंचेची झाली तर कोन मरनार हाय?" एक दिवस! दोन महिने आम्ही बिनचिंचेची आमटी खाल्ली. सांध्यांत भरायला होडीचे जुने दोर उकलून, चरबीत भिजवून घातले. आणि गंज लागू नये म्हणून अख्ख्या इंजिनाला चोपडलं काय, तर मुशी माशाच्या काळजाचं तेल. आमच्याकडे होड्यांना लावतात ते. झालं! गावातली मांजरं शेडमध्ये राहायला आली. बॉयलरवर चार, चिमणीपाशी दोन, एक कायमची डायवरच्या जागेवर. काका बॉयलरला कान लावून हातोडीनं टकटक करत ऐकायचे आणि मांजरं त्यांच्याकडे बघत बसायची. "इकरं खोकतंय," काका म्हणायचे. मग तिथली नळी काढायची, साफ करायची, पुन्हा कान.

लोक बघायला यायला लागले, तसं काकांनी त्या शेडचं म्युझियमच करून टाकलं. भिंतीला दोन कंदील, लाल-हिरवी निशाणं, बंद पडलेलं एक घड्याळ आणि खाणीच्या गोऱ्या साहेबाची टोपी. त्या टोपीला कुणी हात लावला की काका ओरडायचे, "कशाला हात लावतंस? उवा परतील!" साहेब जाऊन किती वर्षं झाली, तरी ह्यांच्या लेखी उवा तिथेच. उन्हाळ्याच्या सुट्टीत तर वाशीच्या कोळीवाड्यातूनसुद्धा माणसं पोराबाळांना घेऊन यायची.

तिकीट होतं. तांब्याभर गोडं पाणी.

आता तुम्हाला वाटेल, ह्यात काय एवढं? अहो, गाव खाडीकाठचं. दारातल्या विहिरीला मचूळ पाणी, भांडी घासायच्या लायकीचं. प्यायचं पाणी डोंगराच्या पायथ्याच्या विहिरीवरून आणायचं, डोक्यावर दोन हंडे घेऊन, रुळांच्या कडेकडेनं. चैत्रात तर घागर भरायला नंबर लागायचे. त्यातला एक तांब्या द्यायचा म्हणजे जीव तुटायचा. पण खारं पाणी बॉयलरमध्ये फेसाळतं आणि आतल्या नळ्यांवर पुटं चढवतं. म्हणून काका दारात पिंप मांडून बसायचे. तांब्या घ्यायचा, चव घ्यायची, पास झाला तर पिंपात, नापास झाला तर माणूस परत. एका बाईनं विहिरीवर जायचा कंटाळा म्हणून मचूळ पाण्यात गूळ विरघळवून आणला. काकांनी चव घेतली, तांब्या तिच्या हातात दिला आणि म्हणाले, "वयनी, इंजिनाला च्या नाय पाजाचा मना."

असं तांब्या-तांब्यानं दिवाळीपासून पाणी साठत होतं. त्याला कारणही तसंच झालं होतं. खाणवाल्या शेठनं निरोप पाठवला होता, इंजिन भंगारात द्यायचंय. काका होडीनं मुंबईला जाऊन शेठच्या पेढीवर सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसून राहिले. शेवटी शेठ वैतागून म्हणाला, "चैत्रात तुमच्या गावदेवीची जत्रा असते ना? त्या दिवशी बंदरापासून खाणीपर्यंत चालवून दाखव. चाललं तर ठेव तुझ्याकडे. नाही चाललं तर दुसऱ्या दिवशी तोडायला माणसं पाठवतो." काकांनी हे गावात येऊन सांगितलं ते असं, जसं काही उद्या बाजार आहे. पण त्या दिवसापासून ते शेडमध्येच झोपायला लागले, मांजरांत.

जत्रेचा दिवस उजाडला. पिंपातलं पाणी ओतून इंजिनाची टाकी काठोकाठ भरलेली, भट्टीत लाकडं रचलेली. अंगात नवा सदरा घालायचा म्हणून काका अंघोळीला गेले. आणि नेमक्या त्या वेळी आमची आय मला म्हणाली, "सुनबाय, चल. दृष्ट काढून येऊ."

"कुणाची?"

"कोनाची म्हंजे? इंजिनाची! सगला मुलूख बगाला येनार हाय. वाशीची मानसं, शेठ, त्याचा मुनीम. नजर लागल्याबिगर राहनार हाय का?"

आता माझ्या आयचा हिशेब ऐका. तान्ह्या पोराला मूठभर मीठ. नवऱ्या मुलाला ओंजळभर. मग एवढ्या धुडाला? मिठागरातून तिनं पाटीभर मीठ आणवलं होतं, वर मोहरी आणि वीतभर लांबीच्या मिरच्या. पाटी काही इंजिनावरून ओवाळता येईना. म्हणून डोक्यावर पाटी घेऊन ती स्वतःच इंजिनाभोवती सात फेरे फिरली. मागून मी मिरच्या घेऊन. माझ्यामागून दोन मांजरं.

फेरे झाले. दृष्टीचं मीठ चुलीत टाकायचं असतं, पण भट्टी तर पेटलेली नाही. काका येईपर्यंत पेटवायची कुणी? आय विचारात पडली आणि म्हणाली, "पान्यात सोरलं तरी चालतं." मी स्टूल धरलं. होय, खोटं कशाला बोलू, मीच धरलं! तिनं टाकीचं झाकण उचललं आणि दिवाळीपासून साठलेल्या पाण्यात पाटी रिकामी केली. वर हात जोडले.

काका आले. नवा सदरा, केसांना तेल. भट्टी पेटवायच्या आधी त्यांनी सवयीनं टाकीत बोट बुडवलं, जिभेला लावलं.

मी त्यांचं तोंड बघितलं आणि खांबाआड झाले.

"मीठ," काका म्हणाले. पुन्हा बोट बुडवलं. "मीठ कोनी टाकलंन?"

"मी टाकलंय, भावजी," आय ठसक्यात म्हणाली. "दृष्ट काढली. आता बगा कसं धावतंय!"

काका ओरडतील असं मला वाटलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते गुडघ्यावर बसले आणि खालची तोटी सोडली. ते पाणी धो धो करत रुळांमधून वाहून गेलं. तांब्या न् तांब्या. मग ते रुळावर बसले, नव्या सदऱ्याकडे बघत, जसा काही तो दुसऱ्याच कुणाचा. "वयनी," एवढंच म्हणाले, "शेठ दुपारी येनार हाय."

आमच्या आयनं जन्मात कुणाची माफी मागितली नव्हती. त्या दिवशीही नाही मागितली. ती घरी गेली, दोन हंडे घेतले, डोक्यावर चुंबळ ठेवली आणि डोंगराकडे चालू लागली. जत्रेचं नवं लुगडं, नाकात नथ, पायाखाली तापलेली खडी. मी तिच्यामागे. वाटेत लागेल त्या दारात ती फक्त थांबायची आणि आत ओरडायची, "हंडा घे!"

बायका बोलल्या. बोलणारच. "आमची पोरं तहानलीत आनि ह्यो काळतोंड्या पेतंय!" "तुमी मीठ टाकाचा नि आमी पानी भराचा!" आय ऐकत नव्हती असं नाही, पण थांबत नव्हती. विहिरीवर पोचून मागे बघते तर काय, अख्खी आळी. रुळांच्या कडेनं नव्या लुगड्यांची रांग, डोक्यावर तांब्यापितळेचे हंडे. जत्रा देवळाशी भरायची ती विहिरीशी भरली होती.

पहिले हंडे टाकीत ओतले तेव्हा काका उभे राहिले. बोट पुढे केलं, आणि मागे घेतलं. त्या दिवशी त्यांनी एकाही हंड्याची चव बघितली नाही.

शेठ आला तेव्हा इंजिन नुसतं धुमसत होतं. त्याला खुर्ची दिली, छत्री दिली, शहाळं दिलं. तो दर थोड्या वेळानं उठायला लागला की आमचे सासरे आणखी एक शहाळं पुढे करायचे. तिसऱ्या शहाळ्याला इंजिन खोकलं. मग शिटी वाजली, अशी वाजली, की सातही मांजरं एकदम उडाली आणि मुनीमजी खुर्चीच्या मागे गेले. मागे दोन डबे जोडले होते. गावचे पाटील धोतर सावरत चढायला पुढे झाले. काका म्हणाले, "पाटील, तुमी मंग. आदी पानीवाल्या." आणि आम्ही बायका चढलो.

चाललं की हो! कण्हत, फेस न काढता, खाणीपर्यंत गेलं. शेठ बरोबरीनं चालत आला. खाणीपाशी घाम पुसत म्हणाला, "ठेव बाबा तुझ्याकडे." त्यानंतर कितीतरी उन्हाळे जत्रेला ते इंजिन चाललं. आता तिथे सोसायट्या उभ्या आहेत, सांगितलं तर नातवंडांना खरं वाटत नाही. पण ते सगळं नंतरचं.

त्या दिवशी परत येताना मिठागराच्या बांधापाशी, जिथे काहीच नाही, ना झाड ना घर, तिथे काकांनी इंजिन थांबवलं. मी पहिल्या डब्यात, त्यांच्या पाठीशीच.

"काय झालं भावजी? पानी संपलं?" आय ओरडली.

"नाय." काका रुळांच्या कडेच्या चिखलाकडे बघत होते. मग मान न वळवता बोलले, हळू, आम्हा दोघींनाच ऐकू जाईल एवढंच. "हौसा इकरं भेटाची रोज. दोन हंडे डोईवर. इंजिन आलं की चिखलात उतरून वाट द्याची. कंपनीचा हुकूम, बाईमानूस चढवाचं नाय. मी शिटी वाजवाचा नि पुढं जावाचा. बारा वर्सं. तिनं कवा थांबव म्हटलं नाय. नि मी पन कवा थांबलो नाय."

मागच्या डब्यातल्या बायका विचारत होत्या, काय झालं, काय झालं.  हात दांड्यावर ठेवून काका उभे होते, डोक्यावर दोन हंडे घेतलेल्या बाईला चढायला जेवढा वेळ लागेल तेवढा वेळ.

 आमच्या आयनं नवं लुगडं गोळा केलं आणि माझ्याकडे सरकून आपल्या शेजारी एका माणसाची जागा केली.