म्हात्रेकाका सम शोधतात

म्हात्रेकाका बेल वाजवत नाहीत, दार वाजवतात. तेही साधं नाही, पखवाजासारखं, दोन्ही हातांनी. तिसऱ्या आवर्तनाला मी चिडून दार उघडतो, तर ते माझ्यापेक्षा चिडलेले असतात. "मधेच उघडतोस कशाला? सम यायची व्हती ना."

सम म्हणजे तालाची पहिली मात्रा, जिथे सगळं फिरून परत येतं. काका मूळचे भाईंदरचेच. आजोबांची मिठागरं होती, आणि गावच्या भजनात काकांनी चाळीस वर्षं पखवाज वाजवला. ओळखीचं नसलेलं संगीत कानावर पडलं की त्यांचं डोकं फिरतं. पण ते कानात बोटं घालत नाहीत. आवाज येतो तिथे जाऊन, कपाळाला आठ्या घालून, बोटांवर मात्रा मोजत उभे राहतात. "आधी सम सापडू दे, मंग शिव्या देतो," म्हणतात. सम सापडली की शिव्या विसरतात. उत्तनला एका लग्नात ते बँडसमोर असेच तासभर उभे होते. बँडवाल्यांना वाटलं, नवरीचा कोणी रुसलेला मामा असेल. जेवताना काका ताटावर बँडचाच ठेका वाजवत होते. समोरच्या विंगमधला गरबाही त्यांनी असाच शिव्या घालत घालत पचवला.

मला याचं कौतुक नव्हतं. मी सोसायटीचा सेक्रेटरी, घरून काम करणारा माणूस, आणि त्यात दुसऱ्या मजल्यावर आलेला भाडेकरू रोज संध्याकाळी हेवी मेटलची गाणी लावू लागला. गिटार करवतीसारखी, आणि गाणारा गातोय की ओकतोय ते कळेना. माझं टाळकं सरकलं. मी सभा बोलावली, गाणी मोठ्याने लावायला बंदीचा ठराव मांडला. सभा पार्किंगमध्ये, आणि वर याचं गाणं चालूच. हात मोजले. एका मताने ठराव पास. ते एक मत म्हात्रेकाकांचं.

दुसऱ्या दिवशी दार वाजलं ते तालात नाही, नुसत्या गुद्द्यांनी.

"मी मत कधी दिलं रे? ती खाली व्हती."

तालात खालीच्या मात्रेला टाळी नसते, हात नुसता हवेत सोडतात. काका तो पार डोक्यावर नेतात, आणि मी तोच मत म्हणून मोजला होता. सभेत त्यांनी ठराव ऐकलाच नव्हता, वरचं गाणं मोजत होते. मीही भडकलो. ठराव बदलणार नाही म्हणालो, आणि त्या कर्कश गाण्याचा एवढा कळवळा कशाला, असंही विचारलं.

काकांनी खिशातून फोन काढून माझ्या कानाजवळ धरला. तसाच कर्कश धिंगाणा.

"माझ्या पोराचं, नीलेशचं गाणं हाय. ही भांडी घरात नको म्हणून त्याचे ड्रम मीच जिन्यावरून लोटले. पाच वर्सं बंगळूरला हाय, फोन करत न्हाय. आन् मी फोन करून बोलू काय? सम सापडली तर तेवढं तरी सांगता येईल. त्या वरच्याची गाणी ऐकून मी असलं मोजायला शिकत व्हतो. तू ते बंद केलंस."

मला स्वतःचाच असा राग आला की चप्पल न घालता दुसऱ्या मजल्यावर गेलो. काका मागून आलेच. भाडेकरूने दार उघडलं तोच घाबरत. मी त्याच्यावरही उगाच खेकसलो, म्हटलं, काकांच्या फोनमधलं नीलेशचं गाणं लाव, मोठ्याने लाव, सेक्रेटरी सांगतोय.

काका तीनदा चुकले, तीनदा स्वतःला शिव्या घातल्या. चौथ्यांदा "सापडली" म्हणाले आणि तिथूनच स्पीकरवर फोन लावला. कसा आहेस वगैरे काही नाही.

"सात, सात, सात, आन् शेवटी पाच. मंग सम. हाय का न्हाय?"

समेवर टाळी द्यायला काकांनी हात उचलला. काकांचा हात हवेतच राहिला.

"शेवटी सहा आहेत, बाबा," नीलेश म्हणाला. "परत मोजा."

काकांना चूक दाखवलेली आजवर खपलेली नाही. ते तिथेच फरशीवर मांडी घालून बसले आणि एकपासून मोजू लागले. पलीकडून नीलेशही मोजत होता.