नाराज झाडांचे कादरभाई

कादरभाई कुठल्याही झाडाला मेलं म्हणत नाहीत. अंगठ्याच्या नखानं सालीवर बारीक ओरखडा काढतात. आत हिरवं दिसलं की "हाय!" म्हणून ओरडतात. तपकिरी निघालं तर अगदी हळू म्हणतात, "नाराज हाय." मोजणीच्या वहीत मी दोनच रकाने आखले होते, जिवंत आणि मृत. यांनी पट्टी घेऊन तिसरा आखला. झालं, मला हेड ऑफिसातून फोन: "मॅडम, अठरा झाडं नाराज म्हणजे काय? आपण रुसवा काढायला जायचं का?" आता काय सांगणार, कपाळ!

हसनाबादजवळ एक खडीची खाण होती. ती बंद पडल्यावर माती भरून तिच्या उतारावर कडुनिंब, करंज, सीताफळ लावलं. ती झाडं जगतात की नाही हे मोजायचं काम आमच्या संस्थेकडं, म्हणजे माझ्याकडं. कादरभाई माझे मदतनीस. त्याच खाणीत पूर्वी ते सुरुंगाला बत्ती द्यायचे, त्यामुळे कानानं कमी. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे अख्ख्या शिवाराला बातमी द्यायची.

नखाची सवय तर विचारूच नका. टपरीवर चहा पिताना बाकड्याला नख. माझ्या पुतणीच्या लग्नात मांडवाच्या बल्लीला नख. नवरदेवाचे वडील बघतच राहिले. "बराबर वाळेल हाय," यांनी त्यांना दिलासा दिला.

सगळा उतार काही मोजता येत नाही. म्हणून जागोजाग चार खुंट्या ठोकून, चुन्याची रेघ मारून चौकटी आखायच्या. त्यांतली झाडं मोजायची आणि त्यावरून अख्ख्या उताराचा अंदाज बांधायचा. पहिल्याच दिवशी मी कादरभाईंच्या कानाशी ओरडले होते, "चौकटीतल्या झाडांचे लाड करायचे नाहीत! आपण फक्त मोजायचं!"

"बिलकुल," ते म्हणाले होते.

यंदा मोठी तपासणी होती. ठरल्याएवढी झाडं जगली नाहीत तर लागवड फसली असा शेरा पडणार होता, आणि खाणीचा मालक त्या उतारावर पुन्हा मशीन लावायला टपूनच बसला होता. नेमकं उन्हाळ्यात मला दुसऱ्या कामावर अंबडकडं पाठवलं. जीव सगळा इकडं टांगलेला. दिवसातून तीनदा कादरभाईंचाच फोन यायचा. "ताई, तिकडं आभाळ आलं का?" मी विचारायची, झाडं कशी आहेत? "फिकर करू नका, हिरवीगार हायत!"

तपासणीच्या चार दिवस आधी परत आले. बघते तर खरंच, भर उन्हाळ्यात उतार हिरवा. आणि चौकटी? खडखडीत वाळलेल्या! चुन्याच्या रेघेच्या आत काटक्या, बाहेर पालवी.

"कादरभाई, हे काय करून ठेवलंत?"

"तुम्हीच म्हणल्या ना, चौकटीत लाड न्हाई करायचे."

"मग बाहेर कशाला पाणी घातलं?"

"बाहेर नका घालू असं कुठं म्हणल्या?"

खाणीच्या तळाशी पाणी साठलेलं असतं. हा सत्तरीतला माणूस तिथून दोन-दोन कॅन भरून दोन महिने रोज वर वाहत होता. अगदी इमानदारीनं, रेघेपर्यंत. आणि निकाल लागणार होता तो रेघेच्या आतल्या झाडांवरून. हसावं की रडावं तेच कळेना.

मग माझ्या मनात पाप आलं, खोटं कशाला बोलू? खुंट्या उपटायच्या, दहा पावलं सरकवायच्या, नवा चुना मारायचा. कोण बघतंय? मी पहिल्या खुंटीला हात घातला, तर कादरभाईंनी मनगटच धरलं.

"खूण हलवायची न्हाई."

"अहो, मशीन येईल इथं!"

"येऊ द्या. खूण हलवायची न्हाई."

इतकं चिडलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मग मीही चिडले. म्हटलं, बसा आता तुमच्या खुणा सांभाळत! त्यानंतर चार दिवस मला ना जेवण गेलं, ना झोप लागली.

तपासणीचे साहेब आले. चौकटी मोजल्या, आकडा कमीच भरला. मी घडलं ते सगळं एका दमात सांगून टाकलं. साहेबांनी वही चाळली, 'नाराज'पाशी थांबले, मग बाहेरच्या हिरव्या झाडांकडं बराच वेळ बघत राहिले. "पावसाळ्यानंतर पुन्हा मोजू," ते म्हणाले. "पण तोवर आत काय अन् बाहेर काय, थेंबभर पाणी घालायचं नाही. आपल्या जिवावर काय जगतं ते दिसू द्या."

दुसऱ्या दिवशी दुपारी गेले, तर कादरभाई उताराच्या वरच्या अंगाला एका करंजाशेजारी बसलेले. पुढ्यात दोन भरलेले कॅन.

"कादरभाई!"

"घातलं न्हाई ताई. सवयीनं आणलं."

मी काही विचारलं नव्हतं. तेच बोलायला लागले. "इथं पत्र्याची शेड होती. आमची घरवाली, सकीना, मजुरांच्या भाकरी करायची. शेड लांब होती, धोका नव्हता. एक दिवस मुकादम म्हणला, सुरुंगाची खूण जरा इकडं घे, दगड जादा निघंल. मी घेतली. बत्तीच्या आधी सकीनानं हाक मारली, पाणी सरलं, एक घागर आणून द्या. मी म्हणलो, बत्ती झाल्यावर आणतो. बत्ती झाली, दगड थेट शेडवर आले."

मला पुढं विचारवेना. माझेच डोळे भरून आले.

मी एक कॅन उचलला. "या एकाला घालते. वहीत लिहीन तसं, माझ्या नावानं."

त्यांनी कॅन माझ्या हातातून काढून खाली ठेवला. "नको ताई. पावसापर्यंत टिकलं तर टिकलं." मग म्हणाले, "तुम्हाला जल्दी न्हाई ना? मंग बसा थोडं. इथं माझ्यासंगं कुणीच बसलं न्हाई अजून."

मी वही बाजूला ठेवली आणि त्यांच्याशेजारी बसले.