लाभाचा रॅक

एका जंगलात, मुलांनो, एक गोदाम होतं. हसू नका. जंगलात राजा चालतो, दिवाण चालतो, मग गोदामानंच काय घोडं मारलंय?

गोदाम म्हणजे एक मोठी गुहा. पावसाळ्यात खायला म्हणून सगळे प्राणी आपापलं धान्य तिथं आणून टाकत. टाकत म्हणजे अक्षरशः टाकत. ढीग व्हायचा. गेल्या आषाढात तो एका साळिंदरावर कोसळला. बिचारं थेट दसऱ्याला सापडलं. चांगलं गुटगुटीत झालं होतं, ही गोष्ट वेगळी.

गोदाम सांभाळायची मथुराबाई नावाची घूस. कुणाचं काय कुठं आहे, हे ती नुसत्या नाकानं सांगायची. खालून पोखरत शिरायची आणि नेमकं गाठोडं ओढून आणायची. पण सिंहमहाराजांना तो ढीग बघवेना. शेजारच्या जंगलातले पाहुणे हसतात म्हणाले.

मग वानरराव आले. ते शहरातल्या एका मोठ्या गोदामात तीन महिने राहून आले होते. छपरावर. त्यामुळे तज्ज्ञ.

"जागा कमी नाही, महाराज, उंची वाया जातेय," वानरराव म्हणाले. "रॅक उभे करा. माल लाकडी पाटांवर रचा, पाट रॅकवर चढवा. जड खाली, हलकं वर. मध्ये हत्ती वळेल एवढी वाट ठेवा."

खोटं कशाला बोलू, कल्पना झकास होती. नऊ रॅक उभे राहिले. गजाभाऊ हत्ती सुळ्यांवर पाट उचलायचा आणि अलगद वर ठेवायचा. मथुराबाईनं तर गुहेची जमीन जन्मात पहिल्यांदाच पाहिली.

वानररावांनी प्रत्येकाला पानावर पावती लिहून दिली. पहिल्या रॅकवर चिंगूताई सशिणीची नाचणी ठेवली. सात पिल्लांची पावसाळ्याची बेगमी होती ती. तिच्या पानावर लिहिलं, 'रॅक नंबर एक'.

रॅकवर आकडे घालायचं काम मथुराबाईकडे आलं. आता तिचा जन्म गेला धान्य मोजण्यात. धान्य मोजताना पहिल्या मापाला कुणी 'एक' म्हणतं का? ए, मागच्या, तू सांग. नाही ना? 'लाभ' म्हणायचं. लाभ, दोन, तीन. नाहीतर बरकत जाते. मथुराबाईनं गेरू घेतला आणि पहिल्या रॅकवर ठसठशीत लिहिलं, 'लाभ'. पुढच्यावर दोन. मग तीन. असं थेट नऊपर्यंत.

उद्घाटनाला महाराज आले. सोबत दिवाण कोल्होबा. दिवाणजी पहिल्याच रॅकपाशी थबकले.

"लाभ! हे काय, वानरराव?"

वानररावांना कुठं ठाऊक? पण तज्ज्ञाला माहीत नाही असं म्हणता येत नाही. "ही नवीन पद्धत आहे," ते घसा खाकरून म्हणाले. "पहिला रॅक लाभाचा."

"आणि लाभ कुणाचा असतो?" कोल्होबांनी विचारलं.

सगळे महाराजांकडे बघायला लागले.

"अरे, पण मी नाचणी खात नाही," महाराज म्हणाले.

"खायची कशाला, महाराज? आपली असली म्हणजे झालं!"

आषाढात चिंगूताई पान घेऊन आली. गजाभाऊनं दोनदा फेरी मारली. लाभ, दोन, तीन... "ताई, एक नंबरच नाही गं."

वानररावांनी वही पाहिली. "तुमचा माल अगदी व्यवस्थित आहे. फक्त रॅक नाही."

"अहो, लाभ म्हणजेच एक!" मथुराबाई कपाळावर हात मारून ओरडली. "माझंच चुकलं. आत्ता खोडते."

"महाराजांचा लाभ खोडतेस?" कोल्होबा गुरगुरले. "हा राजद्रोह आहे!"

"माझी पिल्लं कालपासून उपाशी आहेत हो," चिंगूताई म्हणाली आणि तिथंच मटकन बसली. कोल्होबांनी तिला अर्ज करायला सांगितलं.

मथुराबाईला ते बघवलं नाही. चूक तिची होती. भर दुपारी कोल्होबा जेवून पेंगत होते आणि गजाभाऊ डोहावर गेला होता. मथुराबाईनं कामाला हात घातला. खालून पोखरायचं आणि गाठोडं ओढायचं, एवढंच तिला येत होतं. रॅकला पाय असतात, हे मात्र तिच्या ध्यानात आलं नाही.

पहिला रॅक दुसऱ्यावर पडला. दुसरा तिसऱ्यावर. नववा भिंतीवर. धडाम!

धूळ खाली बसली तर गुहेत काय? आपला जुना ढीग! मथुराबाईनं नाक वर केलं, सुळकन आत शिरली आणि नाचणीचं गाठोडं ओढत बाहेर आली. चिंगूताईच्या डोळ्यांत पाणी आलं. कोल्होबा धावत आले, पण आता लाभ कोणता आणि नऊ कोणता, हे त्यांच्या बापालाही सांगता येईना. साळिंदर तेवढं हळूच विचारत होतं, "मी जाऊ का आत?"

चौकशी झाली. वानररावांनी अहवाल दिला: दोष रॅकचा नाही, संख्येचा. नऊ कमी पडले, अठरा हवेत. मंजूर! या खेपेला आकडे घालायचं काम दिवाणजींनी जातीनं केलं. लाभ, लाभ, लाभ, लाभ... दोनपर्यंत ते पोचलेच नाहीत.

चिंगूताईनं यंदाची नाचणी बिळात पिल्लांच्या अंथरुणाखाली ढकलून दिली आहे.

तात्पर्य: वस्तू जागच्या जागी ठेवावी, म्हणजे ती नेणाऱ्याला लगेच सापडते. आपला घास मात्र नेहमी पसाऱ्यात ठेवावा. आणि खोली आवरली नाही म्हणून आई ओरडली, तर तिला ही गोष्ट सांगा. माझं नाव सांगू नका.