गोविंदअण्णांचा जोडस्टँड

या, असं लांब काय बसता? जवळ सरका. आज समोर सापडलात, तर आधी मला थोडं रागावू द्या. लातूरहून बार्शीला जाता, मुरुडात गाडी थांबते, तुम्ही खिडकीतून हात काढून चहा घेता आणि तसेच पुढे जाता. मग फोनवर म्हणता, "काकू, वेळच नव्हता." बरं बाबा. पण उतरला असता तर आमचे शेजारी गोविंदअण्णा तरी बघायला मिळाले असते.

गोविंदअण्णा घरातून निघताना दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनं दोनदा टकटक करतात. डबल बेल. त्याशिवाय पाऊल उचलत नाहीत. एसटीत जन्मभर कंडक्टर होते. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, पण माणूस अजून गाडीतून उतरलेला नाही. लग्नाच्या पंगतीत वाढपी येण्याआधी हेच म्हणतात, "पुढं सरका, मागं जागा हाय." एकदा एका मयतीतही म्हणाले. लोक सरकलेही.

नजर मात्र पक्की. पोतं लांबून बघून सांगतील, दारातून जाईल का नाही. आमचं लोखंडी कपाट आलं तेव्हा चार हमाल दारात घाम गाळत होते. अण्णा ओट्यावरूनच म्हणाले, "आडवं करा, डोकं आधी घाला. दोन बोटं उरतील." दोन बोटंच उरली. मी स्वतः घालून बघितली.

कमलबाई, त्यांच्या मालकीण, तीन वर्षांखाली गेल्या. आमच्याकडे भाद्रपदात महालक्ष्म्या येतात, तुमच्याकडे गौरी म्हणत असतील. दोघी बहिणी. स्टँडला साड्या नेसवायच्या, वर मुखवटे चढवायचे, तीन दिवस त्यांचं माहेरपण करायचं. कमलबाई गेल्यावर लेकानं मुखवटे आणि लोखंडी स्टँड पुण्याला नेले. सून सगळं नीट करते, खोटं कशाला बोलू? अण्णाही जातात तिकडं. पण मागच्या साली दुसऱ्याच दिवशी परत आले. मी विचारलं तर म्हणाले, "लई गर्दी होती, वैनी." जन्म गर्दीत काढलेला माणूस. मी पुढं काही विचारलं नाही.

औंदा त्यांनी लेकाला फोन केला. "महालक्ष्म्या इथंच बसवू. सगळे या. स्टँड मी लाकडाचा करतो."

लेक म्हणाला, "बघू, अण्णा."

अण्णांना ते "बघू" म्हणजे रिझर्वेशन झाल्यासारखं वाटलं. परसातला कडुलिंब वादळात पडला होता, त्याच्या फळ्या चिरून आणल्या. करवत, रंधा, पटाशी घेतली आणि मधल्या खोलीतच दुकान मांडलं.

मी म्हटलं, "अहो, अंगणात करा की. घरभर भुसा करून ठेवलात."

"न्हाई वैनी, पावसाचा भरवसा न्हाई."

महिनाभर खोलीतून आवाज. रोज संध्याकाळी मला बोलावून दाखवायचे. आधी दोन वेगळे स्टँड होते. एके दिवशी बघते तर दोन्ही एकाच पाटावर ठोकलेले. मागं पाठ, पाठीला वर आडवा दांडा.

"अण्णा, ह्या महालक्ष्म्या हायत का परळी गाडीच्या पॅसेंजर?"

"दोघी सख्ख्या बहिणी. येगळ्या सीटवर कशाला बसवायच्या?"

"आणि दांडा?"

"धरायला. मुखवटा हलतो, वैनी."

दोन्ही बाजूंना मोर कोरले होते. डावा मोरच होता. उजवी कोंबडी झाली होती. मी तोंडाला पदर लावला. ते म्हणाले, "हसा. तिलाबी जागा हाय."

मग मागच्या आठवड्यात लेकाचा फोन आला. मी तिथंच होते, त्यांना ज्वारीच्या भाकरी द्यायला गेले होते. अण्णांना ऐकायला कमी येतं म्हणून फोन मोठ्यानं लावलेला.

"अण्णा, सुट्टीचं जमत नाही. पण स्टँडचा फोटो बघितला, लई भारी झालाय. टेम्पोत टाकून द्या, इथंच वापरतो."

अण्णा म्हणाले, "निघत न्हाई."

"म्हणजे?"

"दारातून निघत न्हाई. रुंद झालाय."

"आधी मोजला नाही का?"

"चुकलं, बाबा."

"सोडवून पाठवा ना."

"सरसानं चिकटवलाय. वाळला आता."

तिकडून लेक म्हणाला, "बरं. बघू मग, आमचंच येणं जमतंय का."

फोन ठेवला. मी दाराकडं बघितलं, स्टँडाकडं बघितलं. चार बोटं जास्त होता. हा माणूस ओट्यावर बसून माझं कपाट मोजणारा.

"अण्णा, तुम्ही चुकलात?"

त्यांनी पॉलिश पेपर उचलला आणि त्या कोंबडीची पाठ घासायला लागले. बराच वेळ घासत होते.

"जागा हाय हो घरात, वैनी," म्हणाले. "लई जागा हाय."

आता महालक्ष्म्यांना बारा दिवस राहिलेत. अण्णांनी कमलबाईंच्या दोन इरकली साड्या उन्हात घातल्यात. लेकाचा फोन आलेला नाही. मी ठरवलंय, मुखवटे आले तर देवच पावला, नाही तर दोन तांब्यांवर बसवू. आणायच्या वेळी एकानं उंबऱ्यातून आत आणायचं आणि एकानं आतून विचारायचं असतं, "कोण आलं? कशाच्या पावलानं आलं?" काल भिंतीपलीकडून ऐकलं, अण्णा स्वतःच विचारत होते आणि स्वतःच सांगत होते. तालीम म्हणे. म्हणून विचारायला मी जाणार आहे.

पण नैवेद्याला सोळा भाज्या करायच्या असतात, आणि आम्ही दोघंच, त्यात एकाला दात नाहीत. म्हणून सांगते, या खेपेला खिडकीतून चहा घेऊ नका. पिशवी घेऊन उतरा. लेकरंही आणा, दंगा करू देत. दारात आलात की अण्णा सरका म्हणतील, तेव्हा सरका. उशीर करू नका, लवकर या.