साहेबांचं बारावं मरण

कथेप्रमाणे साहेबांनी मरायचं होतं आणि साहेब काही केल्या मरत नव्हते.

साहेब म्हणजे पिवळट रंगाचा, एक कान पडलेला कुत्रा. सात सिनेमे, दोन मालिका आणि पडद्यावर अकरा वेळा मरण. मरण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. त्यांची शिक्षिका, जिच्या घरीच ते राहत, बाळंतपणाची सहा महिन्यांची रजा संपवून आजच कामावर आली होती. आल्या आल्या तिनं मेकअपवालीला ऐकवलंही होतं, "आमचे साहेब शिकवलेलं विसरत नाहीत. शेवटी शिकवणाऱ्यावर असतं ते."

तिनं दोन बोटं हनुवटीला लावली. खूण ओळखून साहेब आडवे झाले, डोळे मिटले. नायिका त्यांच्या गळ्यात पडून हुंदके देऊ लागली. त्याबरोबर साहेब उठले, शिक्षिकेच्या पिशवीत तोंड घातलं आणि बाळाचा लंगोट आणून नायिकेच्या मांडीवर ठेवला.

"कट," दिग्दर्शक म्हणाला. "हे कथेत आहे का?"

दुसऱ्या वेळी दुसरा लंगोट आला. तिसऱ्या वेळी शिक्षिकेनं पिशवी लपवली, तर साहेबांनी मेकअपवालीचा टॉवेल आणला.

"बाई, माझं रडू संपत आलंय," नायिका म्हणाली.

"आता शेवटचं," दिग्दर्शक म्हणाला. "नाही जमलं तर पुढच्या मालिकेपासून तो." दाराशी एक तरणाबांड काळा कुत्रा आपल्या मास्तरांसोबत बसला होता. तो काही न करताही मेल्यासारखा दिसत होता.

शिक्षिकेनं ऑफिसातल्या फोनवरून घर गाठलं. "आई, बाळ रडलं की साहेब लंगोट आणतात, ते मायेनंच ना?"

"माया आहेच गं," सासूबाई म्हणाल्या. "पण शिकवलं मी. लंगोट आणला की एक बिस्किट. आधी तुझ्या नवऱ्याला शिकवून पाहिलं. तो काही शिकण्यातला नाही."

साहेबांच्या मायेची गोष्ट तिनं सहा महिने डोळे पुसत साऱ्या गल्लीला सांगितली होती.

"मग आता त्यांना थांबवू कशी?"

"थांबवतेस कशाला? आणू दे, बिस्किट दे. बिस्किट खाल्लं की त्याची ड्युटी संपली. मग पोर घर डोक्यावर घेऊ दे, हा कूस बदलत नाही."

तसंच केलं. कॅमेरा सुरू होण्याआधी नायिका एकदा रडली, लंगोट आला, बिस्किट गेलं. मग कॅमेऱ्यासमोर साहेब असे मेले की दिवेवाल्यानंही नाक ओढलं.

"सहा महिने घरी बसूनही हातचं कसब गेलं नाही तुमचं," दिग्दर्शक म्हणाला.

"सराव ठेवला होता," ती म्हणाली. साहेबांकडे बघायचं मात्र तिनं टाळलं.

घरात पाऊल टाकते तो बाळानं सूर लावला. साहेब लंगोट घेऊन हजर. तिनं लंगोट बदलला, बाळाला छातीशी धरलं. सासूबाईंनी डबा उघडून एक बिस्किट साहेबांना दिलं आणि एक तिच्या हातावर ठेवलं. तिनं ते तोंडात टाकलं, अर्धं चावलं, आणि थांबली.

गेले सहा महिने, दर लंगोटानंतर, तिला असंच एक बिस्किट मिळत होतं.