नळदुरुस्ती, भाग दोन

ज्या वस्तूवर नाव नाही ती हरवली असे समजावे. आणि ज्या वस्तूवर नाव आहे ती सापडेलच असे समजू नये. हे सत्य थोरल्या बाईंच्या आईच्या बाजूला तीन पिढ्या पाळले गेले. पणजीने, जिला सारे किल्लीआजी म्हणत, घरातल्या प्रत्येक किल्लीला चिठ्ठी बांधली. किल्लीआजीची मुलगी बरणीआजी. तिने फडताळातल्या प्रत्येक बरणीवर कागद डकवला. बरणीआजीची मुलगी म्हणजे बाईंची आई. तिने प्रत्येक फोटोच्या पाठीवर माणसांची नावे लिहिली (रक्ताची माणसे शाईने, जावई पेन्सिलीने).

तिघींनी एक दक्षता मात्र कसोशीने घेतली. वस्तू जितकी मोलाची तितके तिचे नाव कंटाळवाणे. किल्लीआजीने दागिन्यांच्या डब्यावर 'गंजके खिळे' असे लिहिले होते, बरणीआजीने साखरेच्या बरणीवर 'जुलाबाचे औषध', आणि आईने लग्नाआधीच्या पत्रांच्या गठ्ठ्यावर 'पाण्याची बिले'. किल्लीआजीच्या घरात चोरी एकदाच झाली. चोराने 'दागिने' असे लिहिलेला डबा नेला. त्याच्या घरी पुढे बरीच वर्षे खिळ्यांना तोटा पडला नसावा.

अशा कुळात जन्मलेल्या थोरल्या बाईंच्या कपाटात व्हिडिओ कॅसेटी होत्या. लग्ने, वाढदिवस, सहली, शाळेची संमेलने, आणि दूरदर्शनवरून उतरवून घेतलेले काही माहितीपर कार्यक्रम. सुनेने त्या सगळ्या दुकानात नेऊन संगणकावर चढवून आणल्या. दुकानदार सज्जन होता. कॅसेटच्या पाठीवर जे लिहिले होते तेच नाव त्याने फाईलीला दिले, आणि ज्यांवर काहीच लिहिले नव्हते त्यांना नुसते आकडे दिले. (बहुतेकांवर काहीच नव्हते. कॅसेटी यजमानांच्या अखत्यारीत होत्या, आणि यजमान दुसऱ्या घराण्यातले होते.)

सुनेने मग एक प्रोग्राम घातला. तो इंटरनेटवर चौकशी करून प्रत्येक व्हिडिओचे नाव, कलाकार, कथासार आणि चित्र आपोआप लावून देतो, असे तिने सांगितले. त्याने ते लावले. धाकट्या जाऊबाईंचे, म्हणजे धाकट्या बाईंचे, लग्न हा युद्धपट ठरला आणि त्याला जळत्या जहाजाचे चित्र मिळाले. सुनेच्या भावाच्या मुलाखतीच्या सरावाला 'बेपत्ता श्वापद' हे शीर्षक लाभले. थोरल्या बाईंची साठी भयपटांत जाऊन बसली, खाली सूचना होती: लहान मुलांनी पाहू नये.

"यंत्राला थोडंफार कळतं म्हणायचं," धाकट्या बाई म्हणाल्या.

"बंद कर ते," थोरल्या बाई सुनेला म्हणाल्या. "आपल्या घरात कोण कोण आहे हे परक्याला विचारायचं? आपली माणसं, आपणच नावं घालू."

"अहो आई, सगळं बसून बघावं लागेल."

"मग बघू. कुणाला कुठे जायचंय?"

घरात हा निर्णय संस्कृतिरक्षणाचा म्हणून वाखाणला गेला. खरे कारण थोरल्या बाईंनी कुणाला सांगितले नाही, तरी सर्वांना ठाऊक होते. त्यांना एकच व्हिडिओ हवा होता. त्यांचे यजमान टपाल कचेरीत होते. जन्मभर त्यांनी कुणाची स्तुती केली नाही (जेवण उत्तम झाले की ते पाणी मागत, बिघडले की तेही मागत नसत). निवृत्तीच्या निरोप समारंभात मात्र ते उठले आणि भर सभेत पत्नीविषयी चार वाक्ये बोलले. बाई इतक्या गांगरल्या की त्यांना एक अक्षर नीट ऐकू आले नाही. धाकट्या दिरांनी ते सारे चित्रित केले होते (डोळा कॅमेऱ्याला लागला की त्यांचे कान बंद होत). कॅसेट घरात आली, आणि पुन्हा कधी दिसली नाही. पुढे यजमानही गेले. त्या चार वाक्यांत काय होते, हे आता फक्त त्या कॅसेटला ठाऊक होते.

ती कुणी घालवली याविषयी थोरल्या बाईंच्या मनात शंका नव्हती. धाकट्या बाईंनी तिच्यावर मालिका उतरवून घेतली, असे त्या सव्वीस वर्षे सांगत आल्या होत्या. प्रथम खाजगीत, मग पाहुण्यांत, आणि अलीकडे धाकट्या बाईंच्या व्याह्यांसमोर.

"मी हात लावलेला नाही," धाकट्या बाई म्हणत. "आणि दादा असं काही बोलले असतील, हेच मला पटत नाही."

दुसरे वाक्य अधिक झोंबे.

तेव्हा ग्रंथपालनाचे नियम करण्यात आले. व्हिडिओ पूर्ण पाहिल्याशिवाय त्याला नाव देऊ नये. नाव ठरले की वर्ष, प्रकार, मुख्य भूमिका, इतर आणि कथासार लिहावे. ज्या लग्नातले जोडपे अजून एकमेकांशी बोलते ते 'कौटुंबिक', उरलेली 'थरार'. मुख्य भूमिका कुणाची, यावर सभा झाली. ज्याच्या घरचा समारंभ त्याची, असे ठरले, आणि त्या नियमाने एका लग्नात वराला 'इतर'मध्ये बसावे लागले. (त्याने हरकत घेतली नाही. त्याला सवय होती.) तारे देण्याचा अधिकार थोरल्या बाईंनी स्वतःकडे ठेवला. सुनेच्या माहेरच्या सहलीला दोन तारे मिळाले, त्यांतला एक तिच्या आईचा फोन न आल्यामुळे परत घेण्यात आला.

पाहणीतून पुढील सांख्यिकी हाती आली. निम्म्या व्हिडिओंत माणसे जेवत होती, उरलेल्या निम्म्यांत जेवणाची वाट पाहत होती. तीन व्हिडिओंत केवळ धाकट्या दिरांचे बूट होते, कारण कॅमेरा बंद केला असे त्यांना वाटत असे. सर्व व्हिडिओंत मिळून "हे बंद आहे का?" हे वाक्य सर्वाधिक वेळा येते; ते एखाद्या ठिकाणी कोरावे अशी सूचना आली आहे.

कामाची वाटणी न्यायाने झाली. लग्ने, वाढदिवस आणि बेनावी आकडे थोरल्या बाईंनी घेतले, कारण हरवलेला समारंभ असेल तर त्यांतच असणार. धाकट्या बाईंना अवशिष्ट विभाग मिळाला: शिलाई यंत्राची निगा, आगीपासून बचाव, आणि 'नळदुरुस्ती, भाग दोन'.

"हे मला का?" धाकट्या बाईंनी विचारले.

"कॅसेटींचा तुला जास्त अनुभव," थोरल्या बाई म्हणाल्या.

महिना गेला. थोरल्या बाईंनी प्रत्येक लग्नातले प्रत्येक जेवण पाहिले. आकडे संपत आले, तसा त्यांचा आवाज खाली आला. शेवटच्या आकड्यात बूट निघाले. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, आणि बराच वेळ तो पुन्हा घातला नाही. सुनेने चहा आणून ठेवला, तोही तसाच राहिला.

तेवढ्यात आतल्या खोलीतून धाकट्या बाई आल्या.

"जाऊबाई, हा नळ फार बोलतो हो."

"थट्टा पुरे झाली."

"थट्टा नाही. शिलाई यंत्र झालं, आग झाली. हे उघडायच्या आधी म्हटलं, भाग एक बघून घेऊ. तर भाग एक कुठे नाहीच. भाग एक नसताना भाग दोन कोण सांभाळून ठेवतं? आणि नळ दुरुस्त झाला म्हणून एवढ्या टाळ्या कुठे वाजतात?"

आत पडद्यावर टपाल कचेरीची सभा होती. यजमान उठले, घसा खाकरला, आणि खिशातला कागद न काढता बोलू लागले.

"माझ्या पत्नीबद्दल सांगायचं, तर इतक्या वर्षांच्या संसारात मला एकही वस्तू शोधावी लागली नाही. डब्यावर काहीही लिहिलेलं असो. मी हाक मारायचो, ती सांगायची, आणि तिथे ती वस्तू असायची. तिच्याशिवाय मला माझं घरसुद्धा सापडणार नाही."

टाळ्या झाल्या. सुनेने दुकानातून परत आलेल्या कॅसेटींच्या खोक्यातून ती कॅसेट काढून आणली. पाठीवर 'नळदुरुस्ती, भाग दोन' असे निळ्या शाईत लिहिले होते, 'ळ'खाली उकारासारखी शेपटी काढून. तशी शेपटी घरात एकच व्यक्ती काढते.

थोरल्या बाईंनी कॅसेट हातात घेतली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली.

"कुणी पुसू नये म्हणून..." त्या म्हणाल्या, आणि थांबल्या.

"कुणी म्हणजे मीच ना?" धाकट्या बाई म्हणाल्या.

"तूच."

"बरं. दादा बोलले होते. ते माझं चुकलं, मी मान्य करते. आता तुमचं."

"काय पाहिजे तुला?"

"व्याह्यांसमोर बोललात ना? मग तेही व्हिडिओत. सूनबाई, फोन काढ."

थोरल्या बाई ताठ बसल्या. चष्मा घातला. "कॅसेट हिने घालवली नव्हती," त्या कॅमेऱ्याला म्हणाल्या. "मी ठेवली, मीच विसरले. सव्वीस वर्षं हिला उगाच बोल लावला. दोष माझा होता."

"'माझा होता' जरा मोठ्यानं. मागच्या रांगेला ऐकू आलं नाही."

"मागच्या रांगेत कोण आहे?"

"दादा." धाकट्या बाईंनी भिंतीवरच्या तसबिरीकडे हनुवटी केली.

थोरल्या बाईंनी तसबिरीकडे पाहिले, आणि वाक्य पुन्हा म्हटले. या वेळी शेजाऱ्यांनाही ऐकू गेले.

"हे बंद आहे का?" धाकट्या बाईंनी डोळे पुसत विचारले. ते बंद नव्हते, तेही व्हिडिओत आले.

नियमानुसार नोंद झाली. प्रकार: कौटुंबिक. मुख्य भूमिका: धाकट्या बाई. इतर: थोरल्या बाई (स्वतःच्या आग्रहावरून). तारे पाच, एकही परत न घेण्याच्या अटीवर. नाव देण्याचा मान धाकट्या बाईंचा होता. त्यांनी चार पिढ्यांच्या रिवाजाला शोभेल असे नाव दिले: 'नळदुरुस्ती, भाग तीन'. सव्वीस वर्षांचे येणे त्या दिवशी व्याजासकट फिटले, आणि ते फिटल्याचा पुरावा अशा ठिकाणी ठेवला गेला की पुढची पिढी तो कधीही उघडणार नाही.

वाचक इथवर हसत आले असतील तर उत्तम. आता त्यांनी आपली ती हरवलेली वस्तू आठवावी, आणि ती घालवणाऱ्या माणसाचे नाव मनात घ्यावे. ते चटकन येईल, इतक्यांदा घेतलेले आहे. मग उठून स्वतःचेच कपाट उघडावे. आत एखाद्या कंटाळवाण्या डब्यावरचे अक्षर ओळखीचे निघाले, तर फोन कुठे धरायचा ते आमची सून दाखवील.